गॅस संपत नसतो

चंद्रपुरात एप्रिल लागला की माझा फोन सकाळी सातलाच वाजायला लागतो. पलीकडचा माणूस निदान आधीच करून बसलेला असतो. ‘भाऊ, गॅस खतम झाली वाटते. तेवढी भरून द्या ना जी.’

गॅस संपत नसतो. तो गाडीतल्या पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस पुन्हा पुन्हा फिरतो. खोलीतल्या कॉइलमध्ये उष्णता घेतो, बाहेरच्या कॉइलमध्ये ती टाकतो, आणि कॉम्प्रेसर त्याला फिरवत ठेवतो. यंत्र नीट बसवलं असेल तर पहिल्या दिवशीचा गॅस ते भंगारात निघेपर्यंत पुरायला हवा. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे: बहुतेक वेळा नळी जोडणाऱ्या फ्लेअर नटाशी, कधी कॉइलला बारीक छिद्र. गळती न शोधता जो मेकॅनिक दर उन्हाळ्यात गॅस भरून जातो, त्याने तुमच्या घरी वर्षासन लावून घेतलं आहे एवढंच समजायचं.

हे सांगितलं की लोक नाराज होतात. गळती शोधायला वेळ लागतो, साबणाच्या फेसापासून नायट्रोजनच्या सिलिंडरपर्यंत सामान लागतं, आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. भरून देणारा अर्ध्या तासात निघून जातो आणि खोली त्याच रात्री गार होते. पुढच्या एप्रिलचा विचार मे महिन्यात कोण करतो?

सुशिक्षित गिऱ्हाईक आणखी एक प्रश्न विचारतं: ‘तुमच्याकडे लायसन आहे का?’ प्रश्न रास्त आहे, उत्तर मात्र लांबलचक. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून शीतकारक वायू हाताळायचा तर केंद्रीय प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर सिलिंडर विकत मिळत नाही. शिवाय बऱ्याच राज्यांत ‘हीटिंग अँड कूलिंग’ ठेकेदाराचा वेगळा परवाना असतो. आपल्याकडे असा एकच कागद नाही, जो भिंतीवर टांगला की काम झालं. आणि हीटिंग म्हणाल तर चंद्रपुरात ते गीझरच्या कॉइलपाशीच संपतं. बाकीचं हीटिंग सूर्य आणि कोळसा मिळून बघतात.

आपल्याकडे लायसन तुकड्यातुकड्यांत असतं. पहिला तुकडा आयटीआयचा. दहावीनंतर दोन वर्षांचा ‘रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग टेक्निशियन’ हा ट्रेड, त्याचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र आणि जमलं तर पुढे अप्रेंटिसशिप. दुसरा तुकडा विजेचा, आणि कायद्याने खरा परवाना म्हणावा असा तोच: वायरमनचा, म्हणजे सरकारी कागदावर तारतंत्रीचा परवाना, त्यावर पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र, त्यावर विद्युत ठेकेदाराची अनुज्ञप्ती. महावितरणला वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट द्यायचा तर अशाच ठेकेदाराची सही लागते. तिसरा तुकडा धंद्याचा: शॉप अॅक्ट, उद्यम नोंदणी, उलाढाल वाढली की जीएसटी. एखाद्या सरकारी कार्यालयाचं टेंडर भरायचं तर हे सगळं एका फायलीत लावून वर अनुभवाचे दाखले आणि बयाणा रक्कम. पहिलं काम मिळवायला अनुभवाचा दाखला हवा, आणि दाखला मिळायला पहिलं काम. या विहिरीतून प्रत्येक नवा ठेकेदार कुणाचा तरी दोर धरूनच वर येतो. तो दोर म्हणजे कुणाच्या तरी हाताखाली केलेली पोटठेकेदारी.

गंमत अशी की यातला एकही कागद तुमच्या भिंतीवरचं यंत्र नीट बसेल याची हमी देत नाही. विजेच्या परवान्याला तांब्याची नळी कळत नाही, आणि आयटीआयच्या कागदावर परीक्षेच्या दिवसाची तारीख असते. त्या तारखेनंतर गॅस बदलत गेले. मी शिकलो तेव्हा सगळीकडे आर-२२ हाच गॅस होता. ओझोनच्या थराला तो घातक, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराच्या यादीत नंतरच्या दुरुस्त्यांनी तोही आला. भारतात नव्या यंत्रांच्या उत्पादनातून तो २०२४ अखेर हद्दपार झाला. मधे आर-४१० ए आला, आता बहुतेक घरांत आर-३२ आहे, काही यंत्रांत आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन. आर-३२ सौम्य ज्वलनशील आणि प्रोपेन पूर्ण ज्वलनशील, तरी जुने हात आजही तोंडात बिडी धरून नट सोडताना दिसतात. नव्या गॅसचं प्रशिक्षण सरकारी योजनांतून आणि कंपन्यांकडून मिळतं, पण ते घेतलं पाहिजे अशी सक्ती नाही. घेणारे घेतात.

मग हात शिकतो कुठे? माझे उस्ताद बल्लारपूरच्या बाजूचे. कोळसा खाणीच्या वसाहतींत विंडो एसी दुरुस्त करून त्यांचे केस पिकले होते. त्यांनी पहिले काही महिने मला फक्त नळीचं तोंड फुलवायला लावलं, ज्याला आम्ही फ्लेअरिंग म्हणतो. नळी कापायची, आतली बारीक कड रीमरने साफ करायची, तोंड खाली धरून, म्हणजे तांब्याचा कीस आत पडत नाही. मग साच्यात धरून फुलवायची. कड एका बाजूला जाड आली किंवा चीर गेली की कापून पुन्हा. तेव्हा ही छळवणूक वाटायची. दरवर्षी गॅस भरावा लागणाऱ्या यंत्रांतली किती दुखणी या चार बोटं लांबीच्या कामातून सुरू होतात, ते पुढे कळलं.

दुसरी गोष्ट त्यांनी दरडावून शिकवली: दाब तपासायला ऑक्सिजन कधीही वापरायचा नाही. वेल्डिंगचा सिलिंडर शेजारीच उभा असतो, मोह होतो. पण कॉम्प्रेसरमधल्या तेलाशी दाबाखालचा ऑक्सिजन आला की स्फोट होतो. नायट्रोजनच हवा. हे वाक्य मी माझ्याकडच्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून वदवून घेतो.

तिसरी गोष्ट व्हॅक्यूमची, आणि चांगला-वाईट मेकॅनिक ओळखायची ती सगळ्यात सोपी खूण. नळ्या जोडल्यावर त्यांत हवा असते, हवेत ओल असते. पंप लावून ती बाहेर काढावी लागते, निदान वीस मिनिटं ते अर्धा तास, आणि पंप बंद केल्यावर गेजचा काटा जागचा हलत नाही ना, हे बघत थांबावं लागतं. आत ओल राहिली तर नव्या गॅसबरोबरचं तेल ती पटकन शोषतं, आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसरचं वायंडिंग हळूहळू खाल्लं जातं. यंत्र पहिला उन्हाळा झकास चालतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण हंगामात बसवणाऱ्या पोरांना दर यंत्रामागे ठरलेले पैसे मिळतात, दिवसात जितकी यंत्रं तितकी कमाई. मग पंप गाडीतच राहतो, यंत्रातलाच थोडा गॅस सोडून हवा ‘फुंकून’ काढतात आणि नट आवळतात. त्या पोरांना मी फार दोष देत नाही. ज्याने हा दर ठरवला त्याने मे महिन्यात आमच्या एखाद्या गच्चीवर तासभर उभं राहावं.

आमचं ऊन ही थट्टेची गोष्ट नाही. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावं दर मे महिन्यात देशातल्या सर्वाधिक तापमानाच्या यादीत असतात. २०१९ च्या मे महिन्यात पारा ४७ च्या पुढे गेला होता. आता हे बघा: एसीची ‘टन’ क्षमता मोजतात तेव्हा बाहेरचं तापमान ३५ अंश धरतात. हा टनही जुन्या बर्फाच्या धंद्यातून आलेला. सुमारे नऊशे किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता घेतो तेवढं काम म्हणजे एक टन. आपल्या देशातल्या स्टार लेबलचा हिशेब वर्षाला १६०० तास वापर आणि २४ ते ४३ अंश एवढ्या पट्ट्यावर बेतलेला आहे. मेअखेरच्या नवतपात आमचा पारा त्या पट्ट्याच्या बाहेर असतो. म्हणजे दुकानात दीड टन म्हणून घेतलेलं यंत्र नेमक्या गरजेच्या दुपारी दीड टन काम करत नाही आणि वीज जास्त खातं. हा कंपनीचा खोटेपणा नाही. मोजायची पद्धतच तशी आहे. पण तुमच्या खोलीचा हिशेब करणाऱ्याला हे माहीत असायला हवं.

त्यात आमच्याकडची धूळ. घुग्घुस, दुर्गापूर, ऊर्जानगर या पट्ट्यात बाहेरच्या कॉइलवर कोळशाची पूड आणि राख बसते. २९२० मेगावॅटचं वीज केंद्र शहराच्या उशाशी आहे. राज्यभरातले एसी चालवायची वीज इथे बनते आणि तिची राख आमच्या कंडेन्सरच्या पत्र्यांत अडकते. कॉइल बुजलं की उष्णता बाहेर पडत नाही, दाब चढतो, कॉम्प्रेसर ट्रिप होतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, ‘काहून थंड करत नाही जी? गॅस संपली असन.’ तिथे गॅसची नाही, पाण्याच्या पाइपची गरज असते. या भागात वर्षातून एकदा सर्व्हिसिंग पुरत नाही.

म्हणून मेकॅनिक निवडताना त्याच्या कागदांआधी त्याचे प्रश्न ऐका. खोली बघायला न येता फोनवरच ‘दीड टन लावा’ म्हणणाऱ्याला नमस्कार करावा. जाणता माणूस विचारतो: वरचा मजला आहे का, स्लॅब उघडा तापतो का, पश्चिमेची भिंत कोणती, घराचा मंजूर लोड किती, मीटरपासून वेगळी लाइन ओढलेली आहे का, वायर किती जाडीची, अर्थिंग कधी तपासलं. अर्थिंगच्या प्रश्नावर लोक हसतात. पण आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्ड्यातली ओल जाते, आणि कागदावरचं अर्थिंग कागदावरच राहतं. विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. पत्र्याची टाकी, ओली फरशी, अनवाणी पाय आणि पाणी भरताना चालू ठेवलेली मोटर. एसी बसवायला गेलो तरी मी आधी त्या घरातल्या कूलरचा प्लग बघतो. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या म्हणून सांगतो. एसीच्या किमतीपुढे त्याचा खर्च किरकोळ आहे, तरी घासाघीस नेमकी त्याच्यावरच होते.

कूलरला मात्र मी कमी लेखत नाही. कोरड्या हवेत वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर एसीच्या मानाने फारच थोड्या विजेत घर राहण्याजोगं ठेवतो. जूनमध्ये पहिला पाऊस पडून हवा ओलसर झाली की त्याचं काही चालत नाही, आणि तेव्हा लोक एसी घ्यायला धावतात. पुष्कळ घरांना मी आजही सांगतो, एसी नको, कूलरच्या ताट्या बदला आणि गच्चीला पांढरा चुना लावा. यात माझा धंदा बुडतो, असं माझ्या मुलाचं मत आहे.

गडचिरोलीचा हिशेब वेगळा. तिथे अंतर हाच मोठा खर्च. सिरोंच्याला जायचं म्हणजे जाऊन-येऊन दिवस गेला, आणि आलापल्लीच्या पुढे गेल्यावर एखादा कॅपॅसिटर विसरला तर तो आणायला परत येण्यात अर्थ नसतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं. तिथली कामं घरातल्या एसीची कमी, औषधदुकानातल्या फ्रीजची, बँकेची, आइस्क्रीमच्या डीप फ्रीझरची जास्त. प्राथमिक आरोग्य केंद्रांत लस ठेवायचे बर्फाच्या अस्तराचे फ्रीज असतात. दिवसात आठ तास वीज मिळाली तरी ते आत दोन ते आठ अंश टिकवतात. त्यांची देखभाल आरोग्य खात्याचे शीतसाखळी तंत्रज्ञ करतात, आमच्यासारख्यांचं ते काम नाही. पण या धंद्यातला सगळ्यात मोलाचा थंडावा कुठला, असं मला कुणी विचारलं तर मी ताडोबाच्या रिसॉर्टमधला नाही, त्या पेट्यांतला सांगेन.

मे महिन्यात आम्हाला मदतनीस मिळत नाहीत. तेव्हाच जंगलात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो, घरातली सगळी माणसं पानं तोडायला जातात, आणि त्या रोख पैशांवर पावसाळा निघतो. पोरगा ‘घरी काम आहे जी’ म्हणून जातो, त्याला अडवायचं तोंड माझं नाही. एटापल्ली-अहेरीकडची पोरं चिवट असतात, उंचीला भीत नाहीत. म्हणून तर त्यांना कंबरेचा पट्टा लावायला जास्त दटावावं लागतं. त्यांतला एखादा शिकून तिकडेच दुकान टाकतो, तेव्हा माझी एक लांबची फेरी कायमची वाचते आणि त्या तालुक्याला हाकेच्या अंतरावर मेकॅनिक मिळतो.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. एसी लावायचा किंवा दुरुस्त करायचा तर फेब्रुवारीत बोलवा. तेव्हा आम्हाला वेळ असतो आणि नीट काम न करायला सबब उरत नाही. आलेल्या माणसाने गाडीतून पंप उतरवला नाही तर ‘व्हॅक्यूम करणार ना?’ असं विचारा, आणि त्याने गेजकडे बघत अर्धा तास घालवला तर त्याला घाई करू नका. त्या अर्ध्या तासाचे पैसे तो मागेल. ते द्या.