मांडूळ, डुरक्या आणि घोणस

गतवर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, मांडूळ घरांत पाळलें तर धन येतें, हें खरें काय?” इतर मुलें हसलीं, पण विचारणारा गंभीर होता. मोठी रक्कम घेऊन तसा साप आणून देण्याचें आमिष त्याच्या घरीं कोणी दाखविलें होतें. त्या प्रश्नाचें उत्तर येथें सविस्तर देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दक्षिण अमेरिकेंतील बोआ साप परदेशांत कित्येक लोक हौसेनें पाळतात. त्या बोआचे दोन लहान आप्त आपल्याच शेतांतील भुसभुशीत मातींत राहतात: एक मांडूळ व दुसरा डुरक्या घोणस. १८०१ सालीं शास्त्रज्ञांनीं दोघांसही प्रथम ‘बोआ’ हेंच नांव दिलें. पैकीं मांडुळाच्या नांवास पॅट्रिक रसेल यांनीं तरंगमबाडीचे मिशनरी व निसर्गाभ्यासक जॉन यांचें नांव जोडलें.

हे दोघेही बिनविषारी; परंतु त्याच शेतांत आढळणारी खरी घोणस अति विषारी. म्हणून तिघांची ओळख नीट पटली पाहिजे. मांडुळाचें अंग गुळगुळीत व चकचकीत, रंग तांबूस किंवा काळसर तपकिरी. शेपूट डोक्यासारखेंच बोथट असतें, म्हणून लोक त्यास दुतोंड्या म्हणतात. भय वाटलें कीं तें डोकें वेटोळ्यांत लपवून शेपूट वर करतें. डुरक्याचें अंग जाड व आंखूड, शेपटीकडील खवले खरखरीत, आणि पाठीवर वेडेवांकडे, एकमेकांत मिसळलेले पट्टे. घोणशीच्या पाठीवर मात्र साखळीच्या कड्यांसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात. डोकें त्रिकोणी व मानेपासून स्पष्ट वेगळें, आणि फूत्कार मोठा.

हीं लक्षणें दुरून पाहण्यासाठीं आहेत, हातांत घेऊन पडताळण्यासाठीं नव्हेत. नांवांत ‘घोणस’ असल्यामुळें बिचारा डुरक्या मारला जातो. उलट, ‘हा तर डुरक्या’ असें समजून घोणशीस हात लावणारा प्राणास मुकूं शकतो. संशय येतांच ती घोणसच समजून मागें सरावें. दंश झालाच, तर मांत्रिकाकडे न जातां तत्काळ रुग्णालय गांठावें. प्रतिविष तेथेंच मिळतें.

आतां धनाविषयीं. मांडूळ वजनावर विकलें जातें, आणि दुसरें तोंड भासावें म्हणून कित्येकदां त्या मुक्या जिवाच्या शेपटीवर डागही देतात. त्यांतून येणारें धन विकणाराच्या घरीं जातें. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें त्यास पकडणें, बाळगणें व विकणें हा गुन्हा आहे. शेतांत मोकळें राहिलेलें मांडूळ मात्र उंदीर खाऊन धान्य राखतें. त्याच्यापासून धन मिळत असेल, तर तें एवढेंच, आणि तें कांहीं थोडें नव्हे.

विद्यार्थ्यांनो, या तिन्ही सापांचीं चित्रें आपल्या वहींत काढा, आणि घरच्या वडील माणसांस अवश्य दाखवा.