साडेतीन टन आणि घरची माणसं

आम्ही कॅराव्हॅन आधी पसंत केली आणि ती ओढणारी गाडी शोधायला नंतर निघालो. हा क्रम मला आजही बरोबर वाटतो. काय ओढायचंय ते ठरलेलं नसेल, तर शोरूममधला प्रत्येक आकडा मोठा आणि मोहात पाडणारा दिसतो. आमचं ठरलं होतं: दोन मुलांसाठी मागे बंक असलेली, सामानसुमान भरून कमाल २,२०० किलोपर्यंत जाणारी कॅराव्हॅन. मेलबर्नच्या पश्चिमेला पॉइंट कुकला आमचं घर, आणि फलटणहून आई-बाबा येतात ते काही महिने राहायलाच येतात. म्हणजे सात सीट हव्यात, ओढायची ताकद हवी आणि एरवी तीच गाडी शाळा, भाजी, स्टेशन यांनाही चालायला हवी.

डिझेल घ्यायचं हे सोपं होतं. चढावर वजन ओढताना इंजिन कमी फेऱ्यांवर किती जोर देतं यावर सगळं अवलंबून असतं, आणि ते डिझेलचं काम. बजेटमधून प्राडो आणि एव्हरेस्टचं व्ही-सिक्स मॉडेल आपसूक बाहेर पडली. घरून फोनवर सगळ्यांचा एकच प्रश्न, फॉर्च्युनर का नाही? इथल्या फॉर्च्युनरची तिसरी रांग दुमडून बाजूच्या भिंतींना लटकते आणि सामानाची जागा खाते. कॅम्पिंगला निघणाऱ्या घराला ती अडचण रोजची होते. उरल्या दोन, दोन्ही थायलंडमध्ये बनणाऱ्या: इसुझू एमयू-एक्स आणि मित्सुबिशी पजेरो स्पोर्ट. (भारतात एमयू-एक्स २०२१ पासून १.९ लिटर इंजिनावर मिळत आली. इथे आम्ही पाहिली ती तीन लिटरची, त्यामुळे तिकडच्या अनुभवावरून इथला अंदाज बांधू नये.)

कागदावर एमयू-एक्स ३,५०० किलो ओढते, पजेरो स्पोर्ट ३,१००. कॅराव्हॅन विकणाऱ्या एका यार्डातला माणूस मला म्हणाला, "साडेतीन टनवाली घ्या, मग काळजीच नको." ऑस्ट्रेलियात हे वाक्य रोज कुठे ना कुठे कुणीतरी कुणाला तरी ऐकवत असतं, आणि ते धोक्याचं आहे. ओढायची क्षमता हा एक आकडा झाला. गाडी स्वतःवर किती वजन घेऊ शकते हा दुसरा, आणि गाडी-कॅराव्हॅन मिळून एकूण किती चालेल हा तिसरा. एमयू-एक्सची एकूण मर्यादा ५,९०० किलो. मागे साडेतीन टन लावले की गाडीच्या वाट्याला उरतात २,४००, आणि रिकामी गाडीच जवळपास २,१७५ किलोची. म्हणजे माणसं आणि सामान मिळून सव्वादोनशे किलो. पजेरो स्पोर्टची एकूण मर्यादा ५,५६५. तिचे पूर्ण ३,१०० ओढले तर माणसांसाठी साडेतीनशेच्या आसपास उरतात. मोठा आकडा मिरवणारी गाडी त्या आकड्याला पोहोचली की माणसं कमी नेते!

आमची कॅराव्हॅन सव्वादोन टनांच्या आतली, त्यामुळे हा तिसरा आकडा आम्हाला नडणार नव्हता. नडणार होता दुसरा. कॅराव्हॅनच्या पुढच्या दांड्याचा भार गाडीच्या टो-बॉलवर येतो, साधारण तिच्या वजनाच्या दहा टक्के. आमच्या बाबतीत २२० किलो. हा भार कॅराव्हॅनच्या नाही, गाडीच्या खात्यात जातो. जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन मी घरातल्या प्रत्येकाचं वजन मांडलं. आम्ही दोघं दीडशे, मुलं पंचाहत्तर, आई-बाबा एकशेतीस, टो-बार पस्तीस, फ्रिज-पिशव्या-बूट ऐंशी. वर ते २२०. बेरीज ६९० झाली. एमयू-एक्सची स्वतःची कमाल मर्यादा २,८००, म्हणजे हातात सव्वासहाशे. पजेरो स्पोर्टची २,७७५, ती थोडी हलकी, म्हणून हातात ६६५. जाहिरातीत चारशे किलोंचं अंतर असलेल्या या दोन गाड्या आमच्या घराच्या हिशेबात जवळजवळ बरोबरीच्या होत्या, आणि दोन्ही अपुऱ्या. कुणाची काय निवड असेल ती असो, हा हिशेब मांडल्याशिवाय कुणी गाडी घेऊ नये असं मी कळकळीने सांगतो. वजन मर्यादेबाहेर असताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाडीत आपलीच माणसं बसलेली असतात.

बाबा तेव्हा इथेच होते. त्यांनी गळीत हंगामात वर्षानुवर्षं ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावून कारखाना गाठलेला. माझा कागद त्यांनी नीट पाहिला आणि म्हणाले, "अरे, ओढायला सगळेच ओढतात. उतारावर ट्रॉली मागून रेटते तेव्हा कोण धरतं ते बघ." डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल टाकणाऱ्यांच्या ट्रॉल्या त्यांनी चारीत पडलेल्या पाहिल्या होत्या. शोरूमवाले टेस्ट ड्राइव्हला मागे कॅराव्हॅन लावू देत नाहीत. पण आमच्या ओळखीत दोन्ही गाड्या होत्या, आणि दोघाही मित्रांनी आपापल्या कॅराव्हॅनसकट किल्ली हातात दिली. कॅराव्हॅन साधारण सारख्याच वजनाच्या.

रस्ता मी मुद्दाम वेस्टर्न फ्रीवेचा निवडला. बॅकस मार्श सोडलं की पेंटलँड हिल्सचा लांबलचक चढ लागतो, आणि परतताना तोच उतार. चढावर फरक लगेच कळला. एमयू-एक्सचा ४५० न्यूटन-मीटरचा पूर्ण जोर १,६०० फेऱ्यांपासूनच मिळतो, त्यामुळे ती फार गडबड न करता एका गिअरमध्ये चढत राहिली. पजेरो स्पोर्टचं २.४ लिटरचं इंजिन ४३० न्यूटन-मीटर देतं, पण २,५०० फेऱ्यांवर. तिचे आठ गिअर खालीवर होत राहिले, इंजिन ओरडलं, पण तीही चढली. ताकद कमी पडली असं मी म्हणणार नाही.

उतारावर मात्र बाबांचं वाक्य कानात होतं. एमयू-एक्समध्ये ब्रेकवर एकदा पाय टेकवला, गिअर आपोआप खाली आला आणि मोठ्या इंजिनाने वजन धरून ठेवलं. पजेरो स्पोर्टमध्ये मला स्टिअरिंगमागचं पॅडल ओढून गिअर उतरवावे लागले, आणि वेग तरीही हळूहळू वाढतच होता. तेवढ्यात मागून एक लांब ट्रक पुढे गेला. त्याच्या हवेच्या झोताने कॅराव्हॅनचं शेपूट हललं आणि ती हालचाल माझ्या पाठीला सीटमधून जाणवली. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबायचा नसतो. डाव्या हाताशी बसवलेल्या ब्रेक कंट्रोलरचं बटण हलकेच दाबायचं, म्हणजे फक्त कॅराव्हॅनची चाकं आवळली जातात आणि ती ताणून सरळ होते. तसं केलं, झाली सरळ. बाबा शेजारी बसले होते. काही बोलले नाहीत, पण पुढच्या सर्व्हिस सेंटरला चहा घेताना म्हणाले, "ती दुसरी बरी होती."

पजेरो स्पोर्टच्या बाजूने माझी बायको होती, आणि तिचे मुद्दे भक्कम होते. पजेरो स्पोर्टचं फोर-व्हील ड्राइव्ह डांबरी रस्त्यावरही वापरता येतं. एमयू-एक्सचं फक्त सैल किंवा निसरड्या जमिनीवर, कोरड्या डांबरावर नाही. मेलबर्नच्या हिवाळ्यात ओल्या रस्त्यावर कॅराव्हॅनसकट वळताना पजेरो स्पोर्टची ही मोठी सोय आहे. शिवाय वेळेवर कंपनीच्या सर्व्हिसिंगला नेली तर दहा वर्षं किंवा दोन लाख किलोमीटरची वॉरंटी. एमयू-एक्सला सहा वर्षं, दीड लाख. किंमतही काही हजार डॉलर कमी. ५५ मिलिमीटर अरुंद असल्यामुळे शाळेच्या पार्किंगमध्ये ती सहज बसते. फक्त वर्षभर शहरात चालवायची असती तर मी बायकोचंच ऐकलं असतं.

दोन्हींतल्या काजळी अडवणाऱ्या फिल्टरबद्दल मात्र दोघांचं एकमत होतं. नुसतं घर-शाळा-घर केलं तर काजळी जळत नाही आणि फिल्टर तुंबतो. म्हणून आठवड्यातून एकदा जीलाँगच्या रस्त्याला सलग अर्धा तास गाडी पळवायचं काम मी माझ्याकडे घेतलं. डिझेल एसयूव्ही घेऊन फक्त दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्यांनी पेट्रोल किंवा हायब्रिड घ्यावी, हे स्पष्ट सांगायला हवं.

अखेर पारडं झुकवलं ते टाकीने आणि तिसऱ्या रांगेने. कॅराव्हॅन मागे असली की शंभर किलोमीटरला पंधरा-सोळा लिटर सहज जातात. पजेरो स्पोर्टची टाकी ६८ लिटरची, एमयू-एक्सची ८०. विमेरा भागाच्या पुढे पंप विरळ होत जातात, तिथे हे बारा लिटर मोलाचे. आणि तिसऱ्या रांगेत आईला बसवून पाहिलं तेव्हा एमयू-एक्समध्ये तिचे गुडघे मोकळे राहिले. खरं तर तिसऱ्या रांगेत मुलंच बसतात, पण आईने बसून पाहायचा हट्टच धरला होता.

एमयू-एक्स घेतली. हिशेबात मर्यादेहून जास्त आलेले ते पासष्ट किलो मात्र सुटले नव्हते. हॉल्स गॅपच्या पहिल्या सहलीआधी सगळ्यांना गाडीत बसवून आम्ही सार्वजनिक वे-ब्रिजवर गेलो. आधी गाडीची चारच चाकं काट्यावर, मग कॅराव्हॅनसकट सगळं. पाण्याची टाकी रिकामी केली, कारण ९५ लिटर पाणी म्हणजे ९५ किलो. फ्रिज आणि जड पेट्या कॅराव्हॅनमध्ये, तिच्या चाकांच्या वर हलवल्या, म्हणजे टो-बॉलवरचा भार वाढला नाही. छतावरचा कॅरिअर काढून घरी ठेवला. काट्यावर गाडी २,७७० दाखवू लागली तेव्हाच निघालो.

पजेरो स्पोर्ट आता ऑस्ट्रेलियात नवी मिळत नाही. मार्च २०२५ पासून लागू झालेल्या आपोआप ब्रेक लागण्याच्या यंत्रणेच्या नियमात ती बसली नाही. जुनी मात्र भरपूर मिळते, आणि दीड-पावणेदोन टनांची कॅराव्हॅन ओढणाऱ्या चौघांच्या घराला मी ती आनंदाने सुचवेन. कुठलीही घ्या, पण पैसे भरण्याआधी घरातल्या सगळ्यांची वजनं कागदावर मांडा, त्यात टो-बॉलचा भार मिळवा, आणि पहिल्या सहलीला निघण्याआधी सगळ्यांना घेऊन काट्यावर जा.