खटका

मराठीत ‘खटका’ हा शब्द मोठा अर्थगर्भ आहे. दोघांत खटके उडतात, बंदुकीचा खटका ओढला जातो, आणि भिंतीवरच्या दिव्यालाही खटकाच असतो. आमच्या यवतमाळात मात्र तो पुस्तकातच राहिला. घरोघरी ‘बटन’ असते, आणि वीज गेली की ‘लाइन गेली’ असे म्हणतात. तरीही ‘खट्’ असा आवाज झाला, की दिवा बंद झाला व धोका टळला, असे आपण गृहीत धरतो. हे आश्वासन कितपत खरे असते?

बटणाची रचना साधी असते: बेकेलाइटचे कवच, आत एक स्प्रिंग आणि पितळेचे दोन-तीन तुकडे. ६० वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर जेमतेम पाव अँपिअर प्रवाह घेतो. बटण ५-६ अँपिअर पेलू शकते. म्हणजे दिव्याच्या भाराने ते जळत नाही. स्प्रिंग थकते, स्क्रू सैल होतो, ठिणग्यांनी पितळ काळवंडते. मग चुरचुर ऐकू येते आणि बोर्ड गरम लागतो. असे बटण दुरुस्त करण्यापेक्षा बदललेले बरे.

आमच्या जुन्या घरातला प्रश्न निराळा होता. २०१५ साली उजाला योजना सुरू झाली आणि पुढे आमच्याकडेही एलईडी बल्ब आले. तेव्हापासून व्हरांड्यातला दिवा बंद केल्यावरही राखेतल्या निखाऱ्यासारखा मंद उजळत राही. घरच्यांनी बटणालाच दोष दिला. वायरमनने टेस्टर लावला आणि म्हणाला, “बटन चांगलं हाये. फेज सीधी होल्डरात गेली, बटनात न्यूट्रल हाये.”

खटक्याने फेज तोडायची, हा नियम. न्यूट्रल तोडला तरी दिवा विझतो, पण होल्डरातली तार जिवंतच राहते. तारेचा जुना बल्ब पेटायला बराच प्रवाह लागतो, म्हणून हे गुपित दडून राहिले. एलईडीला मात्र किंचित गळतीही पुरते. (प्रत्येक मंद उजेडामागे हेच कारण असते असे नाही, बटणातल्या लुकलुकत्या इंडिकेटरमुळेही असे होते.) दर दिवाळीला आमचे वडील बटण बंद करून, ओल्या फडक्याने तोच होल्डर पुसत असत.

२००५ च्या सुमारास भारनियमन ऐन भरात होते. ज्या जिल्ह्यातल्या वणी परिसरातून दगडी कोळसा निघतो, तिथल्याच घरांत तासन्‌तास अंधार असे. त्या वेळापत्रकावर विसंबून अनेक जण बल्ब आणि बटणे बदलत. परंतु लाइन वेळेआधीही येते. म्हणून मेन स्विच स्वतःच्या हाताने पाडावा. टेस्टर आधी चालू जागी लावून तो ठीक आहे याची खात्री करावी, मगच बोर्डातल्या तारांना लावावा. बटणात फेज नसेल, तर जाणकार वायरमनलाच बोलवावे.

समईतली वात मालवली की ज्योत खरोखर संपते. ‘दिवा मालवला’ हे क्रियापद आपण विजेलाही लावले, पण वीज मालवत नाही. ती केवळ अडवली जाते. कुठे अडवली, यावर हात लावणाऱ्याचा जीव अवलंबून असतो.

वायरमनने जंक्शन बॉक्स उघडून तारांची अदलाबदल केली आणि तो मंद उजेड गेला. मग त्याने घरातली उरलेली सात बटणे तपासली. त्यांतली तीन तशीच निघाली.