अण्णांची फाईल

‘शस्त्रक्रिया झाली’ हे वाक्य आपल्या घरांतून पूर्णविरामासकट उच्चारले जाते. मोतीबिंदू काढला, देवापुढे नारळ फोडला, विषय संपला. आमचे थोरले बंधू अण्णा यांच्या पोटातील महाधमनीवर २०१८ साली उपचार झाला, तेव्हा इंदूरच्या आमच्या घरातही असाच पूर्णविराम पडला. पुढे तो खोडावा लागला. हा उपचार करून घेतलेली वडीलधारी मंडळी आता अनेक कुटुंबांत असतात, म्हणून ही हकीकत सविस्तर सांगतो.

हृदयातून निघालेली महाधमनी पोटात उतरते आणि बेंबीच्या सुमारास दोन्ही पायांकडे दुभंगते. पोटात तिची रुंदी साधारण दोन सेंटिमीटर असते. अण्णांनी चाळीस वर्षे सिगारेट ओढली होती. मूतखड्यासाठी केलेल्या सोनोग्राफीत ती ५.८ सेंटिमीटर फुगलेली आढळली. पुरुषांमध्ये साडेपाचच्या पुढे ती फुटण्याचे भय शस्त्रक्रियेच्या भयाहून मोठे मानतात. ‘धमनीविस्फार’ हा पारिभाषिक शब्द आम्हांस आवडतो. घरात मात्र ‘फुगा’ हाच शब्द रूढ झाला.

१९४८ साली डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी आइन्स्टाइन यांच्या पोटातील असाच फुगा बाहेरून सेलोफेनने वेढला होता. १९५५ साली तो फुटला आणि त्यातच त्यांचा अंत झाला. पुढे पोट उघडून तेथे कृत्रिम नळी शिवण्याची पद्धत स्थिरावली. १९९० मध्ये ब्युनोस आयर्स येथे डॉ. हुआन पारोदी यांनी निराळी वाट काढली. जांघेतील धमनीतून कापडी नळी आत सरकवायची आणि धातूच्या जाळीने ती धमनीला आतून घट्ट बसवायची. सायकलचा टायर विरला की मिस्त्री आतून जुन्या टायरचा तुकडा घालतो, तशातलाच हा प्रकार. अण्णा चौथ्या दिवशी घरी आले आणि आठवड्याने राजवाड्यापर्यंत पायी फिरून आले.

पण टायरच्या या उपमेतच पुढील साऱ्या अडचणींचे बीज आहे. फुगा जागेवरच राहतो. रक्त केवळ त्याला टाळून नळीतून वाहते. नळी जिथे रोवली तेथील धमनी वर्षानुवर्षे रुंदावत जाऊ शकते, मग पकड सैल होते. कधी नळी खाली घसरते, कधी तिचे जोड सुटतात. कण्याकडील बारीक धमन्यांतून रक्त उलटे फुग्यात झिरपते ते वेगळेच. या गळतीस डॉक्टर ‘एंडोलीक’ म्हणतात.

अण्णांना पहिल्याच वर्षी हे शेवटचे, झिरपण्याचे प्रकरण निघाले. “गळते आहे, पण तूर्त काही करायचे नाही,” असे सर्जन म्हणाले, तेव्हा वहिनींचा विश्वासच बसेना. त्यांनी समजावले की ही गळती पुष्कळदा आपोआप थांबते. फुगा वाढत नाही तोवर पाहत राहणे हाच उपचार. नळीच्या टोकाशी किंवा जोडाशी गळती असेल तर मात्र थांबायचे नाही, कारण तेथे रक्ताचा पूर्ण दाब फुग्यावर येतो.

तीन वर्षे सर्व ठीक होते. २०२२ साली अण्णा तपासणीस गेलेच नाहीत. “अरे, मी ठणठणीत आहे. तुम्हा मास्तरांना हजेरीची खोड!” असे आम्हांस म्हणाले. ठणठणीत वाटणे हाच या दुखण्याचा कावा आहे, कारण नळी सैल होते तेव्हा काहीच दुखत नाही. २०२३ साली वहिनींनी त्यांना जवळजवळ ओढूनच नेले. फुगा ६.३ सेंटिमीटर झाला होता. नळीच्या डाव्या शाखेचे खालचे टोक सुटून रक्त सरळ आत शिरत होते. चार दिवसांत पुन्हा जांघेतून जाऊन तेथे नळीची जोड बसविण्यात आली. त्यासाठी ओटीपोटाकडे जाणारी एक धमनी बंद करावी लागली. अजून दोनशे पावले चालले की अण्णांचा डावा कुल्ला भरून येतो आणि ते कुणाच्या तरी ओट्यावर टेकतात. एवढी किंमत पडली.

ब्रिटनमध्ये १९९९ ते २००४ या काळात १,२५२ रुग्णांना घेऊन या पद्धतीची पोट उघडण्याच्या शस्त्रक्रियेशी तुलना झाली. सुरुवातीच्या महिन्यांत नळीवाले अधिक जगले. आठ वर्षांनंतर मात्र पारडे फिरले, कारण काहींचे फुगे मागाहून फुटले. २०१६ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष आम्ही अण्णांस वाचून दाखविला. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला, पण हजेरीचा विनोद पुन्हा केला नाही.

आता तपासणी बहुधा डॉपलर सोनोग्राफीने होते. सीटी स्कॅनमधील औषधाचा मूत्रपिंडांवर भार पडतो, म्हणून शंका आली तरच तो. फाईल वहिनींच्या कपाटात, दागिन्यांशेजारी असते. तिच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे : पाठीत वा पोटात एकाएकी तीव्र कळ, घेरी, पाय गार पडणे, न उतरणारा ताप — तत्काळ इस्पितळ, आणि फाईल बरोबर. शेवटचे तीन शब्द अधोरेखित आहेत. रात्रपाळीच्या डॉक्टरास आत नळी आहे हे कळावे कसे?

हे दुखणे सख्ख्या भावंडांतही उतरू शकते, म्हणून आम्हीही सोनोग्राफी करून घेतली. १.९ निघाले. अण्णांची पुढची तारीख डिसेंबरातली आहे. उपाशीपोटी जावे लागते, तेव्हा सकाळी आठचीच वेळ घ्यावी, म्हणजे परतताना पोहे-जिलबी गरम मिळते, एवढीच त्यांची अट आहे.