आधी आस, मग पेटी

सोमेश्वरनगर, ता. बारामती
कार्तिक वद्य पंचमी

चि. ताईस,


जावईबापूंनी सहलीसाठी आखून पाठवलेला ट्रेलर देखणा आहे यात वाद नाही. त्यात बेसिन आहे, वर पाण्याची टाकी आहे, आत शेगडी आहे, खिडक्यांना पडदेसुद्धा आहेत. चाकं मात्र नुसते दोन गोल काढून सोडून दिलीत. मला उलटं चित्र हवं होतं. वर काय वाटेल ते करा; माझा जीव त्या दोन गोलांत अडकलाय.

सध्या कारखान्याचं गाळप सुरू आहे, त्यामुळं माझ्या वेल्डिंगच्या शेडसमोरून दिवसभर ऊसगाड्या जातात. पुढच्या खेपेला आलीस की टायरची बैलगाडी भरताना उभी राहून बघ. मोळ्या रचणाऱ्या गड्याची नजर सारखी जुवाकडं असते. मागं भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्यातली जोती आवळतात. पुढं जास्त झाला तर सगळं ओझं मानेवर. म्हणून आसाच्या दोन्ही बाजूंना तोल साधून जुवावर थोडाच दाब ठेवतात. तुमच्या ट्रेलरचं गणित हेच, फक्त बैलांच्या जागी मोटारीचा हुक. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर आला पाहिजे. मागं जड झालं तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडं हेलकावे घ्यायला लागतो आणि पुढच्या मोटारीलाही बरोबर ओढतो. बैल निदान अडून बसतो, हुकाला तोंड नाही.

आता मापं. प्लायवूडचा तक्ता ८ बाय ४ फूट, अमेरिकेतही तेवढाच. तिकडं १९३०-४०च्या दशकांत लोकांनी मासिकांतले आराखडे बघून थेंबाच्या आकाराचे छोटे ट्रेलर घरामागं ठोकून काढले, तेही याच मापात, कारण तक्ता कापून वाया घालवायला कुणाकडं पैसे होते! आपणही पेटी आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट उंच धरू. जावईबापूंना पाच फूट रुंदी हवी आहे, पण चाकं पेटीच्या बाहेर येणार. चार फुटांची पेटी चाकांसकट मोटारीच्याच रुंदीत बसते. पाच केली की ट्रेलर मोटारीपेक्षा रुंद, आरशात मागचं काही दिसत नाही आणि आमच्या नीरा-बारामती रस्त्यावर समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला की चाक साइडपट्टीच्या खाली.

चार फुटांत तिघं कशी मावणार, हा तुझा प्रश्न बरोबर आहे. ६ बाय ४ची गादी बाजारात तयार मिळते, ती तुम्हा दोघांची. तुमच्या पायांच्या वर, गादीपासून दोन फुटांवर, एक आडवी फळी टाकायची. तुमची छोटी साडेतीन फुटांची आहे, चार फुटांच्या रुंदीत ती आडवी आरामात झोपेल. फळीला कठडा आणि खाली भक्कम अँगल एवढं पुरे. ती मोठी झाली की फळी सामानाला आणि तिला बाहेर तंबू. मागं उरलेल्या दोन फुटांत ओटा, त्याला वर उघडणारं झाकण. स्वयंपाक झाकणाखाली, बाहेर उभं राहून. आत शेगडी अजिबात नको. बंद पेटीत गॅस किंवा कोळसा जाळला की ज्या वायूनं माणूस झोपेतच जातो, त्याला वासही नसतो.

आषाढी वारीला सोपानकाकांची पालखी सासवडहून निघून आपल्या सोमेश्वरनगरावरूनच पुढं बारामतीला जाते. दिंड्यांचे ट्रक तू लहानपणापासून बघतेस. आत सामान, वर माणसं, बाजूला ताडपत्री ताणली की खाली पंगत. ट्रकात बेसिन कुणी बसवलेलं मी तरी पाहिलं नाही. बाहेर उघड्यावर जे होतं ते आत आणायचं नाही, एवढी एकच अक्कल त्यातून घ्यायची.

ऊसतोडीला बीड-अहिल्यानगरकडून आलेल्यांच्या कोप्या कालव्याकडेला पडल्यात. पत्र्याची पेटी, पातेली, पिठाचा डबा, कोंबड्यांची पाटी, अंथरुणं, कोयते असं सगळं बिऱ्हाड त्यांनी गाडीतून उतरवलं आणि दिवस मावळायच्या आत कोप्या उभ्या केल्या. बांबूच्या कमानी, वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर पाचट. कमी सामानात राहणं कसं असतं ते तिथं दिसतं. पण ‘किती साधं, किती छान’ असं तुम्ही पुण्याची मंडळी म्हणायला लागलात की मला राग येतो. ती माणसं हौसेनं तिथं राहत नाहीत. मुकादमाची उचल अंगावर असते आणि नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. तुमची ती सहल, त्यांचा तो हंगाम.

वजनाचा हिशेब मी मांडून ठेवलाय. ४० बाय ४०चा, तीन मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप मीटरला साडेतीन किलो भरतो. सांगाड्याला पंधरा-सोळा मीटर लागेल, म्हणजे ५५ किलो. १२ मिलिमीटर प्लायचा एक तक्ता २३ किलोच्या आसपास. असे तीन, दोन बाजूंना आणि एक तळाला. छपराला सहा मिलिमीटरचा पुरतो, तो वाकतोही. जावईबापूंनी सगळीकडं १८चा लिहिलाय, तो तक्ता ३५ किलोचा होतो. लग्नाचं कपाट करायचं नाहीये. आस, कमानपाटे, चाकं, वरचा पत्रा, गादी, भांडी आणि पाण्याचे दोन जार धरून चारशे किलोच्या आत राहायचं, हे माझं ठरलेलं आहे. वीस लिटरचा जार म्हणजे वीस किलो, आणि ओटा मागं असल्यानं मागं भार वाढणारच. म्हणून आस पेटीच्या मधोमध नाही, थोडा मागं घ्यायचा आणि जार पुढं हुकाच्या अंगाला ठेवायचे. सगळं भरून झालं की हुक धान्याच्या काट्यावर टेकवून बघू. ४०-५० किलो आला तर बरोबर.

पैशाचं म्हणशील तर तुम्ही लाखाची मर्यादा घातलीत ते चांगलं केलंत. पडदे, गादी, आतले खण यांत वाटेल तेवढी काटकसर करा. हब, बेअरिंग, टायर, हुक आणि मागचे दिवे यांत घासाघीस नाही. मोडीतल्या मारुती ८००ची १२ इंची चाकं हलक्या ट्रेलरला चालतात, पण टायर नवेच घालू. टायरवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला, नक्षी कितीही ताजी दिसो. ट्रॅक्टरची पिन मोटारीला नको, ती खडखडते आणि भोक झिजवते. ५० मिलिमीटरचा गोळा असलेला हुक घेऊ. त्याखाली साखळ्या दोन, फुलीत अडकवलेल्या, म्हणजे हुक सुटला तरी दांडी रस्त्यात रुतत नाही. मागं लाल आणि बाजूला पिवळं रेडियम भरपूर लावायचं. हंगामात या रस्त्यावर रात्री काय चालतं ते मी रोज बघतो. तरी माझं ऐकाल तर दिवस मावळला की ट्रेलर ओढायचाच नाही. आणि चालत्या ट्रेलरमध्ये छोटीला झोपवायचं नाही, ती कितीही रडो.

विजेचं फार डोक्यात घेऊ नका. १२ व्होल्टचा पंखा रात्रभर, एक दिवा, दोन मोबाइल, एवढ्याला रात्रीचे दोनशे वॉट-तास होतात. शंभर वॉटचं सोलर पॅनेल चांगल्या उन्हात ते सहज भरून काढतं. उन्हाळ्यात बारामतीकडं चाळिशी पार होते, तेव्हा पत्र्याच्या पेटीत पंखाही गरम वाराच देणार. झाडाखाली उभं करायचं. थंडीत उलटं होतं. तिघांच्या श्वासानं रात्री पत्रा आतून घामेजतो आणि सकाळी उशा ओल्या. समोरासमोर दोन झडपा जाळी लावून उघड्या ठेवायच्या, थंडी वाजली तर रजई जास्त घ्यायची.

आता जे तुम्हाला आवडणार नाही ते. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे. त्याला स्वतःची नोंदणी, स्वतःचा नंबर, स्वतःचा विमा. घरी जोडलेल्या सांगाड्याला नंबर मिळवणं हे वेल्डिंगपेक्षा कितीतरी अवघड काम आहे, कारण वाहनाचा नमुना अधिकृत संस्थेनं तपासून मंजूर केलेला लागतो. तुमच्या पुण्यातली एआरएआय ही त्यातलीच. राज्यानं २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण त्याचा रोख पर्यटन व्यवसायावर, आपल्यासारख्या हौशी लोकांवर नव्हे. म्हणून मला वाटतं, सांगाडा आपण जोडण्याऐवजी मान्यताप्राप्त कारखानदाराकडून नोंदणी होणारा नुसता सांगाडा आस-चाकांसह घ्यावा आणि पेटी आपण करावी. खर्च वाढेल, पण विम्यावाल्यासमोर मान खाली घालावी लागणार नाही. वरची पेटीही कागदावर चढवून घ्यावी लागेल. आरटीओत जाऊन हे आधी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी ‘चालतंय की’वर माझा विश्वास नाही. माझ्या शेडवरून ‘चालतंय की’ म्हणत बाहेर पडलेल्या ट्रॉल्या मी परत ओढून आणल्यात.

पहिली सहल लांब नको. बारामतीवरून भिगवणला जा, तिथून कुंभारगावला, उजनीच्या फुगवट्यावर. हिवाळा सरत आला की रोहित असतात, छोटीला दाखवा. रस्ता तासा-दोन तासांचा. काही सैल झालं तर मी टमटम घेऊन पोचू शकतो.

तूर्त एकच कर. मोटारीबरोबर आलेल्या पुस्तकात मागं किती वजन ओढता येतं ते दिलेलं असतं. काही गाड्यांना ओढायचंच नाही असंही लिहिलेलं असतं. जावईबापूंना म्हणावं तेवढं पान काढून त्याचा फोटो पाठवा. तो येईपर्यंत मी कशालाच हात लावत नाही. मामी विचारते, मेतकूट पाठवू की येतेसच?

तुझा,
मामा