टेलच्या बांधावर घडलेला चेअरमन

दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाचं पाणी खाली थेट ओझरच्या शिवारापर्यंत जातं. त्या कालव्यावर शेती करणाऱ्याला हेड, मिडल आणि टेल हे तीन शब्द लहानपणीच कळतात. हेडला पाणी आधी आणि मनासारखं, टेलला उरलं तर. आमची जमीन चारीच्या हेडला. त्यामुळे पाण्याची वाट बघणं म्हणजे काय, हे मला पाणी वापर संस्थेचा चेअरमन होईपर्यंत ठाऊक नव्हतं.

निवडून आलो तेव्हा सभेत बोलता येणं, साहेबांशी ओळख असणं आणि चार माणसं मागे उभी करता येणं, एवढ्यावर पुढारपण चालतं असा माझा समज होता. तो बदलला ओझरला जाऊ लागल्यावर. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने तिथे शेतकऱ्यांना संघटित केलं आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महात्मा फुले, जय योगेश्वर व बाणगंगा या तीन संस्था उभ्या राहिल्या. त्या उभ्या राहिल्या कालव्याच्या शेपटाला, जिथे पाणी पोचतच नव्हतं. पुढे २००३ मध्ये साऱ्या वाघाड प्रकल्पाची मिळून एक संस्था झाली. २००५ मध्ये सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा राज्याचा कायदा आला, त्यामागे अशा कामांचं बळ होतं.

तिथल्या जुन्या सभासदांजवळ बसलो की ते पुढाऱ्यांची भाषणं सांगत नसत, हिशेब सांगत. पूर्वी पाणी मागणीचा नमुना नंबर ७ भरायचा, पीक मंजूर करून घ्यायचं आणि पाटकऱ्याच्या मागे फिरायचं. संस्था झाल्यावर पाणी चारीच्या तोंडाशी मोजून मिळू लागलं. एक क्युसेक प्रवाह २४ तास चालला की ८६,४०० घनफूट पाणी होतं. हे गणित प्रत्येक सभासदाला आलं, तर कुणालाच कुणाच्या मेहेरबानीवर जगावं लागत नाही. मग मीही तेच करायला लागलो. आवर्तनाआधीच्या बैठकीत किती पाणी येणार, वाटेत किती मुरणार आणि एकराला किती तास बसणार, हे फळ्यावर मांडायचं. कुणी मध्येच उठून भांडला, तरी त्याचं पुरतं ऐकून घ्यायचं आणि त्याचा आकडाही फळ्यावर लिहायचा. बोलण्यापेक्षा ऐकणं अवघड आहे, हे मला तिथे कळलं. ते सवयीने जमतं, हेही कळलं.

खरी कसोटी पाऊस कमी झालेल्या एका वर्षी लागली. आवर्तनं घटली. द्राक्षबागा फळावर होत्या. पाणी टेलकडून हेडकडे द्यायचं, असा ठराव आम्ही केला. म्हणजे माझ्या भावकीची पाळी सगळ्यात शेवटी. रात्री चुलते घरी आले.

“तू चेअरमन झालास तो कशाला? घरच्या बागा वाळवायला?”

“अण्णा, तुमच्या वाट्याचे तास कमी होणार नाहीत. फक्त पाळी शेवटची आहे. माझीही तुमच्याबरोबरच.”

ते चहा न घेता गेले. त्या आवर्तनात मी टेलच्या बांधावर जाऊन थांबू लागलो. अंधारात बॅटरी घेऊन दार धरून बसलेली माणसं मी पहिल्यांदा तिथे पाहिली. पाणी येईल की वरच्या वर कुणी फोडेल, ही धास्ती त्यांच्या बोलण्यात होती. चेअरमन आपल्यासोबत उभा आहे म्हटल्यावर वरची दारं कुणी उघडली नाहीत. चौकीदार वाढवून हे झालं नसतं.

वार्षिक सभेत अण्णांनीच उठून पाळीचं रजिस्टर मागितलं. तो त्यांचा हक्क होता. मी रजिस्टर त्यांच्या हातात दिलं. त्यांनी एकेक नाव आणि तास मोठ्याने वाचून दाखवले, माझे स्वतःचेसुद्धा. बेरीज जुळली. पुढच्या वर्षी टेलकडून पाणी द्यायच्या ठरावाला सूचक म्हणून त्यांनी आपलं नाव दिलं.

आमच्या या २००५च्या कायद्यात एक शहाणपण आहे. संचालक मंडळात हेड, मिडल आणि टेल यांना सारख्या जागा मिळतात आणि चेअरमनपदही या तिन्ही भागांत फिरतं. आज मी ज्याला पाळी देतो, उद्या तो मला देणार असतो. सत्ता अशी हातातून जाणार आहे हे ठाऊक असलं, की माणूस नियम नीट बनवतो.

नवी पोरं संस्थेत येतात, तेव्हा नेतृत्वासाठी काय शिकावं असं विचारतात. मी त्यांना तीन कामं सांगतो. पाण्याचा हिशेब चारचौघांत मांडायला शिका. आपल्या माणसाला त्याच्या तोंडावर नाही म्हणायला शिका. आणि पाळी लावताना आपलं नाव शेवटी लिहा. स्वभाव उपदेशाने बदलत नाही. दर आवर्तनाला ही तीन कामं करत गेलं, की तो हळूहळू घडतो, आणि मग लोक पद संपल्यावरही सल्ला विचारायला येतात.