हिरवा फ्यूज

शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला जाणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान आहे. बोर्डावर ‘ऑटो इलेक्ट्रिकल्स’ लिहिलंय, पण लोक वायरमनच म्हणतात. गाडी आली की मी बॉनेट उघडून आधी वास घेतो. तापलेल्या इन्सुलेशनचा वास घशात बसतो. मालकाला मात्र तो सवयीने येईनासा झालेला असतो.

धंद्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी टोकावड्याकडचा एक पोरगा जीप घेऊन आला होता. त्याला घाटात लख्ख उजेड हवा होता. कंपनीचे 60 वॉटचे बल्ब काढून मी 100 चे बसवले, वायर जुनीच ठेवली. चार दिवसांनी तो परत आला, फ्यूज उडाला होता. ‘‘दादा, उद्या म्हशाच्या यात्रेला जायचंय, काहीतरी करा.’’ मी 15 चा निळा फ्यूज काढून 30 चा हिरवा घातला आणि त्याला लावून दिलं.

त्याच आठवड्यात माळशेजच्या रस्त्यावर रात्री डॅशबोर्डखालून धूर आला. तिघं पोरं वेळेवर उतरली म्हणून मी आज हे लिहू शकतो. सकाळी जाऊन सांगाडा पाहिला. बॅटरीजवळचा फ्यूज बॉक्स अर्धा वाचला होता आणि त्यात माझा हिरवा फ्यूज शाबूत होता.

हिशेब साधा होता, पण मी तो मांडला नव्हता. 60 वॉटचे दोन बल्ब 12 व्होल्टवर 10 अँपिअर ओढतात, 100 चे दोन जवळजवळ 17. करंट वाढतो त्याच्या वर्गाने वायर तापते, म्हणजे त्याच वायरीत पावणेतीनपट उष्णता. निळा फ्यूज उडत होता तो मला तेच सांगत होता. फ्यूज बल्ब वाचवण्यासाठी नसतो, तो वायर वाचवण्यासाठी असतो. सगळ्या सर्किटमध्ये आधी मोडणारी एक जागा आपण ठरवून ठेवायची आणि तिला मोडू द्यायचं. मी ती जागा बुजवली, मग कुठे मोडायचं ते वायरीनेच ठरवलं.

तेव्हापासून जास्तीचा दिवा लावायचा तर बॅटरीपासून वेगळी जाड वायर, मध्ये रिले आणि त्या वायरीच्या मापाचा फ्यूज. म्युझिक सिस्टीमच्या अँपची पॉवर केबल असेल तर फ्यूज बॅटरीपासून वीतभर-दोन वितींच्या आत लागतो, कारण त्याच्या अलीकडच्या तुकड्याला कुणीच वाली नसतो. पत्र्याच्या भोकातून केबल जाते तिथे रबरी ग्रोमेट नसला की खडखडणारा पत्रा वर्ष-दोन वर्षांत तिचं साल काढतो. अजूनही सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेले फ्यूज माझ्याकडे येतात. ते मी गाडीवाल्यासमोरच फेकतो.

हल्ली नवी पोरं ताकद वाढवायला इंजिनाचं रिमॅप करून येतात, फ्री-फ्लो सायलेन्सर लावून येतात. कसाऱ्याच्या घाटात गाडी तापायची ती थोडा वेळ. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, तो आमच्या तालुक्यातूनच जातो, आणि आता तासन्‌तास पाय दाबलेला राहतो. टर्बोचं कवच पाच-सहाशे अंश सहज गाठतं. इंजिन ऑइल किंवा डिझेल त्यावर थेंबथेंब गळायला लागलं तर ठिणगीची गरज उरत नाही. म्हणून सायलेन्सरवरचा पत्र्याचा हीट शील्ड वाजतो या कारणाने काढून टाकणाऱ्या मेकॅनिकचा मला राग येतो. वाजणारा पत्रा घट्ट करायला दोन क्लिप लागतात. पेट्रोलचा पाइपही हाताने वाकवून बघावा. भेगा दिसल्या तर इंधनाच्याच कामाचा नवा पाइप टाकावा, पाण्याचा चालत नाही.

आमच्याकडची आणखी एक गोष्ट शहरातल्या माणसाच्या ध्यानात येत नाही. फाल्गुन-चैत्रात डोंगरावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. घाट चढून आलेली गाडी फोटोसाठी त्या गवतात उभी केली की खालचा तापलेला पाइप गवताला टेकतो. गाडी जाते आणि वणवाही लागतो. भाताच्या झोडणीनंतर रस्त्यावरचा पेंढा पाइपला गुंडाळला जातो, तोही थांबून काढावा.

आग लागलीच तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावं, माणसं उतरवावीत. बॉनेट सताड उघडू नये, हवा मिळाली की जाळ तोंडावर येतो. किलोभर पावडरचा सिलिंडर आठ-दहा सेकंदच चालतो, तेव्हा तो डिकीत सामानाखाली ठेवून उपयोग नाही, ड्रायव्हरच्या हाताशी हवा. वायरी जळाल्यावर पॉवर विंडो खाली येत नाहीत. काच कोपऱ्यात फोडायची हातोडी जवळ असावी.

परवा मुरबाडचा एक जण आला. दीड वर्षापूर्वी कुणीतरी अँप बसवून दिलेला, आठवड्यात तिसरा फ्यूज उडाला होता. ‘‘मोठा टाका ना दादा, संध्याकाळी कल्याणला जायचंय.’’ मी गाडी ठेवून घेतली. तो चिडून एसटीने गेला. मी सीट काढल्या, मॅट उचलली, टॉर्च घेऊन केबल हाताने चाचपत मागून पुढे आलो. रात्री अकराच्या सुमारास ड्रायव्हरच्या सीटच्या रुळाखाली सापडलं. सीट पुढे-मागे होताना घासून केबलचं साल गेलं होतं, आणि आत नखाएवढं तांबं चमकत होतं.